संपलेल्या कार्ट्रिजवर छापलेलं पत्र

देऊळघाट, ता. जि. बुलढाणा
२० जानेवारी २०२५
रजिस्टर्ड, पोचपावतीसह

श्री. राजकुमार बाहेकर,
बाहेकर प्रिंट हाउस, बुलढाणा

महोदय,

गुरुवार, दिनांक १६ जानेवारी २०२५, सायंकाळचे पाच वाजून बारा मिनिटं. या वेळी, तुमच्या दुकानातून ८ जून २०२२ रोजी घेतलेला माझा लेझर प्रिंटर एका अपिलाच्या तिसऱ्या पानाची पहिली प्रत बाहेर टाकून थांबला. लाल दिवा लागला आणि टोनर संपल्याची ओळ आली. वेळ मी भिंतीवरच्या घड्याळात पाहिली. अडतीस वर्षं टपाल खात्यात शिक्के मारले आहेत, वेळ लिहायला मी चुकत नाही.

अपील माझं नव्हतं. आमच्या गावच्या तानाबाईचं होतं. तिचा नवरा इंद्रभान दोन वर्षांपूर्वी वारला. त्यांच्या दोन खोल्यांच्या घरावर तिच्याऐवजी दिराचं नाव लागलं. त्याविरुद्ध अपील करायला तीस दिवस होते. ही बाई मुलीच्या बाळंतपणाला रोहिणखेडला. आदेशाचा कागद तिच्या दाराच्या फटीतून आत पडलेला, तो तिला मिळाला तिसाव्या दिवशी सकाळी. दर गुरुवारी मी माझ्या ओसरीवर गावातल्या बायकांचे अर्ज फुकट लिहून देते, हे तुम्हाला ठाऊक आहे, कारण मशीन विकताना त्याचंच कौतुक करून तुम्ही मला चहा पाजला होता.

पाच सोळाला मी तुम्हाला फोन केला. तुम्ही म्हणालात, "मॅडम, टेन्शन नका घेऊ, मेकॅनिक निघाला, दहा मिनिटांत येऊन राह्यला." पाच अठ्ठावीसला म्हणालात, "पोचतच असंल." पाच एक्केचाळीसला फोन उचलला नाही. गावातलं झेरॉक्सचं दुकान लग्नासाठी बंद. पाच अठ्ठेचाळीसला मी उरलेली पानं हातानं लिहायला बसले. रिक्षानं बुलढाण्याला पोचलो तेव्हा सहा चोवीस झाले होते. अपील घेणाऱ्या कचेरीची खिडकी सव्वासहाला बंद झालेली. खिडकीतल्या माणसाचा दोष नाही. मीही आयुष्यभर खिडकी वेळेवरच बंद केली.

तानाबाई पायरीवर बसली आणि म्हणाली, "बाई, मशिनीले काळं खायला नव्हतं त मले आधीच सांगाचं ना." 

दुसऱ्या दिवशी अकराला तुमचा मेकॅनिक भागवत दोन हजार नऊशेची नवी कार्ट्रिज घेऊन आला. मी ती घेतली नाही. जुनी काढून कानाशी हलवली, तर आत पूड सरसर सरकत होती. ती संपलेली नाही.

अपील १७ तारखेला दाखल केलं आहे, एक दिवस उशिरानं. उशीर माफ करावा म्हणून अर्ज जोडला आहे. त्याला पुरावा लागेल. म्हणून मला पुढील गोष्टी लेखी हव्या आहेत: पूड शिल्लक असताना मशीन का थांबलं, आणि दहा मिनिटांत माणूस पाठवतो असं तुम्ही सांगितलं होतं की नाही. आणखी एक. विकताना तुम्ही पानाला दोन रुपये चाळीस पैसे खर्च सांगितला होता. तो मला कधीच तेवढ्यात पडला नाही. त्याचंही उत्तर द्या.

धम्मशीला हिवराळे
निवृत्त उपडाकपाल

*

बाहेकर प्रिंट हाउस, बुलढाणा
२९ जानेवारी २०२५

आदरणीय हिवराळे मॅडम,

सप्रेम जयभीम. तुमचं रजिस्टर पत्र भेटलं. पोस्टमन दुकानात सही मागायला आला तेव्हा चार गिऱ्हाइकं उभी होती, सगळ्यायले वाटलं बाहेकरले कोर्टाची नोटीस आली. मॅडम, एक फोन केला असता तरी चाललं असतं.

आधी एक सांगतो, राग मानू नका. पत्र कोण्या लेकराकडून लिहून घेतलं का? अक्षर लागत नव्हतं. मी अन् भागवतनं मिळून वाचलं, तरी दोन ओळी राहूनच गेल्या. तुमच्यासारख्या कॉन्व्हेंटच्या बाईनं असं पत्र पाठवावं याचं नवल वाटलं.

आता मुद्द्यावर. लेझर प्रिंटर म्हणजे इलेक्ट्रॉनिक वस्तू. कंपनीनं जे सेटिंग दिलं त्याप्रमाणे ते थांबते. त्यात दुकानदाराचा हात नसतो. डब्यावर बाराशे पानं छापलेलं असते, ते पानावर पाच टक्के काळं धरून. तुमचे अर्ज दाट असतात, त्यामुळे पानं कमी भेटत असतील. खर्चाचं म्हणाल तर २९०० भागिले १२००, दोन रुपये बेचाळीस पैसे. मी दोन पैसेच कमी सांगितले होते.

तरी तुमच्यासाठी एक रस्ता काढला आहे. तुमची मशीन मी तीन हजारात वापस घेतो. मोठी मशीन घ्या, एकोणीस हजार आठशेची. तिचा टोनर एकोणीसशे पन्नासचा अन् पानं सव्वीसशे, म्हणजे पानाला पाऊण रुपया. घरगुती वापरासाठी लहान मशीन स्वस्त, जास्त वापरासाठी मोठी स्वस्त, हे मी सर्वांनाच सांगतो.

तानाबाईचं वाईट वाटलं. पण अपील हातानंही लिहिता आलं असतं ना मॅडम? आमच्या आजोबाचे सगळे खटले हाताच्या कागदावर चालले. दहा मिनिटाचं मले नीट आठवत नाही. लेखी वगैरेची भानगड नको. एखाद्या दिवशी दुकानात या, बसून बोलू.

आपला,
राजकुमार बाहेकर

*

देऊळघाट
१ फेब्रुवारी २०२५

प्रिय जयू,

डोणगावच्या थंडीत तुझे गुडघे कसे आहेत ते पुढच्या पत्रात विचारीन. आज कामाचं लिहिते.

माझ्या प्रिंटरनं तानाबाईचा घात केला आणि दुकानदार मला मोठं मशीन विकू पाहतोय. म्हणजे ज्यानं खड्ड्यात ढकललं तोच शिडी विकायला उभा. त्यानं ज्या मोठ्या मशीनचं नाव घेतलं तेच तुझ्याकडे आहे, असं मला वाटतं. तू बचत गटांचे कागद आणि मुलांच्या सराव प्रश्नपत्रिका त्यावरच छापतेस ना? तुझे खरे आकडे दे. कंपनीचे नकोत, डब्यावरचे नकोत, तुझे. किती पानं, किती टोनर, ड्रम बदललास का.

माझे हे आहेत. मी पानांची नोंदवही ठेवली आहे, हसू नको. अडीच वर्षांत ४,१२० पानं. मशीनसोबत आलेला टोनर ३८८ पानांत संपला, सांगितली होती सातशे. पुढच्या सहा कार्ट्रिजनी ६५५, ६१०, ६४०, ६२२, ५९८ आणि ६०७ पानं दिली. डब्यावर बाराशे. प्रत्येक वेळी निम्मी. दुकानदार म्हणतो, माझे अर्ज दाट असतात म्हणून. पूड कागदावर उतरवणारा तो ड्रम बारा हजार पानं चालतो म्हणाले होते, मशीननं तीन हजारांतच नवा मागितला, चौतीसशे रुपये. सहा कार्ट्रिजचे सतरा हजार चारशे. म्हणजे पानाला पाच रुपये पाच पैसे. मशीनची किंमत बारा हजार चारशे धरली तर आठ रुपयांच्या वर. एवढ्यात माझ्या पेन्शनमधून मी रोज एक वही विकत घेतली असती.

दिरानं तानाबाईला होळीपर्यंत घर रिकामं करायला सांगितलंय. उशीर माफ करायचा की नाही याची सुनावणी १० मार्चला आहे. त्याचा वकील म्हणतो, प्रिंटर बंद पडला हे कारण तर कोणीही सांगेल. त्यामुळे बाहेकरचा कागद मला हवाच आहे.

तुझी,
धम्मू

*

डोणगाव, ता. मेहकर
७ फेब्रुवारी २०२५

धम्मू,

तुझं पत्र उघडलं आणि आकडे वाचायच्या आधी बराच वेळ नुसतं अक्षर बघत बसले. नागपूरच्या होस्टेलमध्ये सिस्टरनी तुझी वही सगळ्या वर्गात फिरवली होती, आणि आम्हा बाकीच्यांना तुझ्यासारखा इंग्रजी 'आर' काढायला लावला होता. आता तुझी ओळ पानावरून घसरतेय. कधीपासून हात थरथरतोय? मला का नाही सांगितलंस? डॉक्टरला दाखवलंस का? हे प्रश्न टाळू नको, तू टाळणार हे मला माहीत आहे.

आता आकडे. हो, मशीन तेच. चार वर्षांत ७,६५० पानं. सोबत आलेल्या टोनरनं १,०५० दिली, मग २,६४०, मग २,६१०, आणि चालू असलेल्यानं आतापर्यंत १,३५०. तीन टोनर घेतले, ५,८५० रुपये. ड्रम अजून पहिलाच. पानाला शहात्तर-सत्त्याहत्तर पैसे. मशीनसकट तीन रुपये पस्तीस. मी नोंदवही ठेवत नाही. आमची नात छकुली कॉलेजातून आली होती, तिनं पानं मशीनकडूनच मोजून घेतली.

आणि धम्मू, छकुलीला तुझे आकडे दाखवले तर ती म्हणे, "आजी, यांचं प्रत्येकच निम्मं कसं येते? हे दाट अर्जामुळे नाही होत. यायले इचार, मशीन कशी वापरते." तिनं तुझ्या मशीनची पुस्तिका मोबाइलवर शोधून वाचली. तुझं मशीन पूड मोजतच नाही. आतला रूळ किती फिरला ते मोजतं. चालू केलं की दर वेळी तो रूळ आधी रिकामाच फिरतो, तेही मोजलं जातं. फेरे भरले की मशीन म्हणतं, संपलं. ड्रमचंही तसंच.

तर मला खरं सांग. तू अजूनही टेबलावरून उठताना भिंतीवरचं बटण बंद करतेस ना? होस्टेलमध्ये मी वाचत असतानाच दिवा बंद करणारी तूच. एक पान छापून, तपासून, बटण बंद. दुसऱ्या पानाला पुन्हा चालू. असंच ना? आमचं मशीन कायम चालूच असतं, आपलं आपण झोपतं. विजेचं बिल दोन-तीन रुपयांनी वाढत असेल महिन्याला.

दुसरं, आणि हे महत्त्वाचं. छकुली म्हणते, पुढचं झाकण उघडून ओकेचं बटण सात सेकंद दाबून धर. मशीन ऐकतं आणि पूड असेपर्यंत छापत राहतं. पुस्तिकेच्या एकेचाळिसाव्या पानावर आहे. करून बघ.

जयू

*

देऊळघाट
१३ फेब्रुवारी २०२५
रजिस्टर्ड, पोचपावतीसह

श्री. राजकुमार बाहेकर यांस,

हे पत्र स्वच्छ छापलेलं आहे, भागवतच्या मदतीशिवाय वाचता येईल. ते १६ जानेवारीला तुमच्या मशीननं 'संपली' म्हणून जाहीर केलेल्या त्याच कार्ट्रिजवर छापलं आहे. झाकण उघडून एक बटण सात सेकंद दाबलं. तेव्हापासून महिनाभर साचलेल्या अर्जांची १७४ पानं निघाली आणि अक्षर अजून काळंभोर आहे.

सात सेकंद, बाहेकर. मी तुम्हाला पाच सोळाला फोन केला होता. "मॅडम, झाकण उघडा आणि ओके दाबून धरा," एवढं एक वाक्य तुम्ही बोलला असतात, तर साडेपाचच्या आत तानाबाई रिक्षात बसली असती. ते वाक्य तुम्हाला ठाऊक नव्हतं असं म्हणू नका. सोळा वर्षं हाच धंदा करताय. पण ते वाक्य सांगून कार्ट्रिज विकली जात नाही.

तुमच्या पत्रातल्या अक्षराच्या चौकशीला उत्तर देते. लेकराकडून लिहून घेतलेलं नव्हतं, ते माझं अक्षर आहे. तीन वर्षांपासून माझा उजवा हात थरथरतो. डॉक्टरांनी त्याला नाव दिलंय, गोळी दिलीय, आणि तो थरथरतोच. म्हणूनच जून बावीसमध्ये मी प्रिंटर घेतला. हे तेव्हा तुम्हाला सांगितलं नाही, कारण माझ्या हाताची कीव करून कोणी मला सवलत द्यावी अशी माझी इच्छा नव्हती. 'हातानं लिहिता आलं असतं ना' असं तुम्ही विचारलंत. लिहिलं. दीड पान लिहायला तेरा मिनिटं लागली, आणि तानाबाई माझं मनगट दोन्ही हातांनी धरून बसली होती.

आता खर्च. तुम्ही मला कागदावर भागाकार करून दाखवलात, मी तुम्हाला नोंदवहीतून दाखवते. तुमचं लहान मशीन मला पानाला पाच रुपये पाच पैशांनी पडलं. डोणगावच्या माझ्या मैत्रिणीला मोठं मशीन सत्त्याहत्तर पैशांच्या आत पडतं. मशीन मी नियमाप्रमाणेच वापरते, माझ्या वापरात दोष नाही.

आणि तुमचेच डब्यावरचे आकडे खरे मानले तरी ऐका. लहान मशीन, टोनर आणि ड्रम मिळून, पानाला दोन रुपये सत्तर पैसे. मोठं, एक रुपया पाच पैसे. मोठं सात हजार चारशेनं महाग आहे, पण तो फरक साधारण साडेचार हजार पानांत फिटतो. त्यानंतर छापलेल्या प्रत्येक पानाला लहान मशीनवाला एक रुपया पासष्ट पैसे जास्त मोजतो. महिन्याला वीस पानं छापणाऱ्यानं लहानच घ्यावं, मी नाकारत नाही. पण मी महिन्याला सव्वाशे-दीडशे पानं छापणार हे तुम्हाला विकतानाच सांगितलं होतं, आणि तुम्ही 'तुमच्यासाठी हेच बेस्ट' म्हणालात.

काल तुमचा भागवत मोठं मशीन घेऊन माझ्या दारात आला होता. फुकट. सोबत एक कागद: 'माझी कोणतीही तक्रार नाही.' मी मशीन आणि कागद दोन्ही परत पाठवले. भागवतला चहा दिला, त्याचा काही दोष नाही.

मला मशीन नको. १६ जानेवारीला काय घडलं ते लिहून, सही करून द्या.

धम्मशीला हिवराळे

*

बुलढाणा
२२ फेब्रुवारी २०२५

मॅडम,

हे दुकानाच्या कागदावर लिहीत नाही, साध्या कागदावर लिहितो. आपल्या दोघातच ठेवा.

हाताचं मले माहीत नव्हतं. ते वाचून खरंच वाईट वाटलं. माझ्या आईचेही हात कापत होते, ती चहाचा कप दोन हातानं धरे. अक्षराचं बोललो त्याची माफी मागतो.

पण बाकीचं ऐकून घेणार नाही. वीस हजाराची मशीन फुकट पाठवली, तुम्ही दारातून वापस केली. भागवतले चहा पाजला अन् मले लाथ मारली. तुमच्या टपालवाल्यायले कागदाचं एवढं काऊन वेड असते? माणसाच्या शब्दाले काही किंमत आहे का नाही?

अन् 'मशीन नियमाप्रमाणे वापरते' म्हणता? मॅडम, मी काही आंधळा नाही. तेवीसच्या दिवाळीआधी मी स्वतः सर्व्हिसले तुमच्या घरी आलो होतो. तुम्ही माझ्यासमोर एक पान काढलं, उठल्या, बटण बंद. वापस आल्या, बटण चालू, दुसरं पान, बटण बंद. एका तासात सहा वेळा. मी तेव्हाच समजलो का बाईचा टोनर निम्मा जाते तो इथं. ड्रमही त्यानंच गेला. आता बोला, दोष कोणाचा? माझा का तुमच्या बोटाचा?

दहा मिनिटाचं म्हणाल तर भागवत त्या दिवशी मेहकरले होता. त्याले काय पंख लावून आणू? गिऱ्हाइकाले धीर द्याले दुकानदार दहा मिनिटं म्हणतोच. तुमच्याकडेही लोक मनीऑर्डर आली का इचारत, तुम्ही उद्या या म्हणतच असाल ना?

सही करून काही देणार नाही. एजन्सी आहे माझी. कंपनीले कळलं का मी गिऱ्हाइकाले असं लिहून दिलं, तर उद्या शटर बंद. घरात लग्नाची पोरगी आहे. तुम्ही शिकलेल्या आहात, समजून घ्या. तानाबाईले दुसरा एखादा पुरावा पाहा.

रा. बा.

*

देऊळघाट
२७ फेब्रुवारी २०२५
रजिस्टर्ड, पोचपावतीसह

श्री. राजकुमार बाहेकर यांस,

तुमचं पत्र मिळालं. आधी माझी बाजू साफ करते, मग तुमची.

१३ तारखेच्या पत्रात मी लिहिलं की माझ्या वापरात दोष नाही. ते खोटं होतं. ते लिहिलं तेव्हा मला बटणाचं ठाऊक होतं. माझ्या मैत्रिणीनं सहा दिवस आधीच कळवलं होतं. अडतीस वर्षं कचेरीत टेबलावरून उठताना मी बटण बंद केलं, तसंच घरीही करत राहिले. महिन्याला दोन-तीन रुपयांची वीज वाचवली आणि अडीच वर्षांत हजारोंचा टोनर फुकट घालवला. शहाणपण मिरवणाऱ्या बाईला ही चूक कबूल करायची लाज वाटली, म्हणून ती तुमच्यापासून लपवली. आता ती माझ्या सहीनं लिहून देते आहे. याची प्रत सुनावणीच्या कागदांना जोडणार आहे, माझ्या हाताच्या डॉक्टरी कागदासकट. गावात कोणाला कळू नये म्हणून जे तीन वर्षं झाकलं, ते आता फाइलीत जाईल. जाऊ दे.

आता तुम्ही. तुम्ही विचारलंत दोष कोणाचा. बोट माझं, हे मान्य. पण ते बोट तुम्ही पाहिलंत. माझ्या नोंदवहीत तुमच्या भेटीची तारीख आहे: ७ नोव्हेंबर २०२३. त्या दिवशी तुम्ही समोर बसून सहा वेळा मोजलंत, काय चुकतंय ते ओळखलंत, आणि माझा चहा पिऊन निघून गेलात. त्यानंतर मला तीन कार्ट्रिज आणि एक ड्रम विकलात. बारा हजार शंभर रुपये. मी चुकले ते अजाण होते म्हणून. तुम्ही गप्प राहिलात ते जाणते होतात म्हणून. या दोन गोष्टी एका तराजूत बसत नाहीत.

मनीऑर्डरचं विचारलंत. नाही. आली नसेल तर मी 'आली नाही' म्हणत असे. 'उद्या या' म्हटलं की माणूस बारा मैल चालत पुन्हा येतो, हे मला ठाऊक होतं. तुमचा मेकॅनिक मेहकरला असताना तुम्ही दहा मिनिटं म्हणालात. 'आज कोणी येऊ शकत नाही' असं म्हणाला असतात, तर मी पाच सतरालाच लिहायला बसले असते. बत्तीस मिनिटं तुम्ही घेतलीत. तानाबाई नऊ मिनिटांनी चुकली. हा भागाकार नाही, वजाबाकी आहे, तुम्हालाही जमेल.

शब्दाला किंमत आहे का, म्हणता. तुमच्या शब्दावर विश्वास ठेवूनच आम्ही ओसरीवर बसून राहिलो होतो.

तुमचं पत्र उपयोगाचं आहे, पण अपुरं आहे. खाली पूर्ण नाव नाही, सही नाही, शिक्का नाही. असं पत्र म्हणजे बिनतिकिटाचं पाकीट, त्याचा दंड घेणाऱ्यालाच भरावा लागतो. दिराचा वकील ते हातात धरून विचारील, हा रा. बा. कोण?

तुमची एजन्सी बुडावी अशी माझी इच्छा नाही. लेकीचं लग्न थाटात करा. म्हणून मी कमीत कमी मागते. बारा हजार शंभर रुपये मी मागत नाही. बटण मी बंद केलं, त्याची किंमत मी भरली, विषय संपला. ७ नोव्हेंबरचंही लिहून मागत नाही. कंपनीचं नाव लिहू नका, मशीनबद्दल एक अक्षर लिहू नका. फक्त तीन ओळी: १६ जानेवारी २०२५ रोजी सायंकाळी पाच सोळाला धम्मशीला हिवराळे यांचा प्रिंटर थांबल्याचा फोन आला. दहा मिनिटांत मेकॅनिक येईल असं मी सांगितलं. मेकॅनिक त्या दिवशी आला नाही. खाली पूर्ण नाव, सही, दुकानाचा शिक्का. यात तुमची एजन्सी कुठेही येत नाही. येतो तो तुमचा खरेपणा, आणि तानाबाईच्या दोन खोल्या.

एक गोष्ट मात्र सौद्यात नाही. लहान आणि मोठ्या मशीनच्या खर्चाचा तक्ता मी छापला आहे. साडेचार हजार पानांचा हिशेब, फेरे मोजण्याची गोष्ट, चालूच ठेवायची सूचना, आणि सात सेकंदांचं बटण. गेल्या दोन गुरुवारी तो ओसरीवर येणाऱ्या प्रत्येकाला दिला. देऊळघाटात चार आणि डोणगावात सात जणांकडे लेझर प्रिंटर आहेत, त्यांना पोचला आहे. तुमच्या दुकानासमोरच्या चहावाल्यानंही एक मागून घेतला. तुम्ही सही करा की करू नका, तो वाटला जाणारच.

सही आली नाही, तर १० मार्चला सकाळी अकरा वाजता मी तुमचं २२ तारखेचं पत्र, बुलढाण्याच्या शिक्क्याच्या पाकिटासकट, सुनावणीत देईन, आणि तुम्हाला साक्षीला बोलवावं असा अर्ज करीन. मग भागवत कुठे होता, धीर म्हणजे काय, आणि तुम्ही माझ्या घरी काय पाहिलंत, हे सगळं तुम्हाला उभं राहून सांगावं लागेल. तेव्हा तीन ओळींवर भागणार नाही.

तानाबाई काल आली होती. तिला मी सगळं वाचून दाखवलं, माझ्या बटणासकट. ती म्हणाली, "बाई, तुमचं बटण मी माफ केलं. त्याचं दहा मिनिट नाही करत." तिनं घर सोडलेलं नाही. दिरानं अंगणात विटा आणून टाकल्या आहेत, त्यांवर ती भांडी वाळवते.

मला तुमचं उत्तर लेखी, पूर्ण नावानं, सही आणि शिक्क्यासह, शुक्रवार दिनांक ७ मार्च २०२५ रोजी सायंकाळी पाचच्या आत माझ्या हातात हवं. फोन करू नका, मी उचलणार नाही. मशीन पाठवू नका, मी दार उघडणार नाही. कागद पाठवा.

धम्मशीला हिवराळे